‘पडीक’ असं मी लिहिलं

१२ एप्रिल १९४१, शनिवार. रक्कम एकशे ऐंशी रुपये. पंधरा घरं, प्रत्येकी बारा. हजर होते घराघरातले कर्ते, नागपूरहून आलेला यंत्रवाला, जागेचा मालक म्हणून माझा मेहुणा, आणि आकडे लिहायला मी. जिनिंगमध्ये कारकून असल्यामुळे वही माझ्याकडेच यायची.

वाशीमच्या आमच्या गल्लीत विहीर नव्हती. बायका अर्ध्या कोसावरून पाणी आणत. यंत्रवाल्याला तीस रुपये आणि तो दाखवेल त्या जागेसाठी दीडशे, असं ठरलं होतं. तो चार लोखंडी खुंट्या एका रेषेत ठोकी, बाहेरच्या दोन खुंट्यांतून बॅटरीची वीज जमिनीत सोडी आणि आतल्या दोहोंवरचा काटा वाचून मला आकडा सांगे. काळा पाषाण वीज अडवतो, ओली जमीन जाऊ देते, हे त्याने आधीच समजावलं होतं. तीन जागी आकडे मोठे आले. मेहुण्याच्या मोकळ्या जागेत आकडा एकदम खाली उतरला. लोक खूश झाले. यंत्रवाला झाला नाही. खारट मातीतूनही वीज अशीच सहज जाते, म्हणाला, आणि इथे पूर्वी काय होतं ते त्याने विचारलं.

मेहुणा माझ्याकडे बघून म्हणाला, "काहीच नोतं. पडीक होय, बापाच्या वख्तापासून."

मी मालेगावहून आठ वर्षांपूर्वी आलेला. बाकीची घरंही नवीच. मी ‘पडीक’ लिहिलं. एकाने शंका काढली, तेव्हा हा माझ्या बायकोचा सख्खा भाऊ आहे, असं मीच सांगितलं. दीडशे रुपये मीच त्याच्या हातात दिले.

खोदकाम आम्ही स्वतः केलं. तेवीस फुटांवर पाणी लागलं. त्यात डाळ शिजेना, आणि प्यायलं की तहान वाढे. गल्लीच्या टोकाला भाजीचा मळा करणारी एक म्हातारी होती. तिने घोट घेतला आणि थुंकला.

"इथं रंगाऱ्याचे हौद होते, बापू. खाराचे. तुह्या मेहुण्यानंच गाड्यानं माती टाकून बुजवले."

आधी का बोलली नाहीस, असं मी विचारलं.

"मले कोनं इचारलं? तुमचं तं यंत्र बोलून राह्यलं होतं."

मी त्याच संध्याकाळी मेहुण्याकडे गेलो. त्याने चहा ठेवायला सांगितला. हौदांचं त्याने नाकारलं नाही.

"भाऊजी, वहीत तं तुमी लिवलं," तो म्हणाला. "मी कुठी सही केली?"

चहा न घेता उठलो. त्या दिवाळीत बायको भाऊबिजेला गेली नाही. मी तिला जाऊ नको म्हटलं नव्हतं.

मेहुण्याने पैसे दिले नाहीत, मी पुन्हा मागितले नाहीत. गल्लीने जागा घेतली होती ती माझ्या शब्दावर. म्हणून जागेपोटी घरटी दहा रुपये, असे चौदा घरांना एकशे चाळीस रुपये मी दोन वर्षांत फेडले. यंत्रवाल्याचे घरटी दोन रुपये मात्र कोणालाही परत केले नाहीत. त्याचं मोजमाप खरं होतं.