तीन खोट्या नवऱ्या

मेकनेस शहरात लल्ला बतूलच्या, म्हणजे बतूलबाईंच्या, हातून सजलेल्या नवऱ्या आता स्वतःच्या मुलींची लग्नं घेऊन तिच्याकडे येत. पोशाख, दागिने, नवरीला मिरवायची डोली, सगळं तिचं. तारखा मात्र ती डोक्यात ठेवायची. मागच्या उन्हाळ्यात एका शनिवारी दोन लग्नं निघाली आणि एक नवरी मेंदीचे हात घेऊन रडत बसली. तेव्हापासून भाची हस्ना मागे लागली, की आत्या, आता मोबाईलवर कॅलेंडर घे.

बतूलला त्या ॲपांचा पहिल्यापासून संशय. पहिल्याने उघडल्या उघडल्या तिच्या ओळखीच्या सगळ्यांचे नंबर मागितले. दुसऱ्याला ती कुठे जाते ते हवं होतं. तिसरं सालस दिसलं. कामं रंगीत चौकटीत मांडायचं, वेळेवर आठवण द्यायचं आणि काही मागायचं नाही. हस्नाला तेच आवडलं, पण पहिली दोन मोबाईलमधून काढायची राहूनच गेली. बतूलला त्याचीच जास्त धास्ती वाटली. फुकट देणारा मागच्या दाराने काय नेतो, कोण जाणे.

आणि झालंही तसंच. बोलणी पक्की झालेली दोन घरं फिरली. दोन्हीकडे तिच्या आधी रकिया पोहोचली होती. तीही नवऱ्याच सजवायची आणि तिचे दर कमी होते. बतूलच्या मनात पाल चुकचुकली. तारखा फक्त मोबाईलमध्ये होत्या, मग या बाईला कळल्या कशा?

तिने कोणाला न सांगता तिन्ही ॲपांत एकेक खोटं लग्न टाकलं, तीन निरनिराळ्या मोहल्ल्यांतलं. तिसऱ्यात पत्ता घातला झितून मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या खोगीरवाल्याचा. त्या माणसाने जन्मात लग्न केलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात हम्मामात, बायकांच्या गरम न्हाणीघरात, बायका हसून लोळत होत्या. रकिया नवरीच्या कफ्तानांचे नमुने घेऊन खोगीरवाल्याच्या दारात उभी राहिली आणि मुलीला बाहेर बोलवा म्हणाली. म्हाताऱ्याने तिला चहा पाजला म्हणे, आणि तुझ्या पाहण्यात कोणी असेल तर माझंच जमव म्हणाला. बतूलला हसू आलं नाही. अंगाला साबण तसाच ठेवून ती विचार करत बसली. बाकी दोन पत्त्यांवर कोणी फिरकलं नव्हतं, आणि तिसरं ॲप हस्नानेच निवडलं होतं.

घरी हस्ना मोत्यांचा पट्टा ओवत होती. बतूलने सरळ विचारलं, "रकिया तुला किती देते?"

हस्नाने सुई खाली ठेवली. तिने आत्याचा मोबाईल घेतला आणि ते कॅलेंडर कोणाकोणाला दिसतं ते उघडून दाखवलं. बतूल, हस्ना आणि बतूलचा नवरा अब्देस्लाम. सामानाची गाडी तो चालवायचा, म्हणून त्यालाही जोडलं होतं.

"आत्या, तिघांची नावं आहेत. तुझ्या मनात आधी माझंच आलं ना?" एवढं बोलून ती जेलाबा अंगात घालून निघून गेली.

रात्री जेवताना बतूलने नवऱ्याला आडून विचारलं. त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नाही. कहवाखान्यात तो मोबाईल सगळ्यांना दाखवायचा, बघा, माझ्या बायकोला श्वास घ्यायला फुरसत नाही. शेजारच्या टेबलावर कोण बसतं विचारल्यावर तो घास हातात धरून थांबला. रकियाचा भाऊ.

"अहो, माझं कौतुक घरात करत जा," बतूल म्हणाली. त्याच्या मोबाईलमधून तिने कॅलेंडर काढून टाकलं. कुठे जायचं ते आता सकाळी तोंडी सांगायचं ठरलं.

हस्ना मात्र आली नाही. दोन लग्नं बतूलने एकटीने ओढली. दुसऱ्यात डोली उचलणारे उशिरा आले, कारण त्यांना फोन करायचं काम हस्नाचं होतं. शेवटी बतूल भावाच्या घरी गेली. वहिनीने चहा केला, भावाने तोंड फिरवलं. बतूल हस्नाला म्हणाली, "माझं चुकलं. मशीनवर संशय घेता घेता तुझ्यावर घेतला."

हस्नाने चहाचा पेला तिच्यापुढे सरकवला. मग म्हणाली, येईन, पण निम्मा धंदा माझा, आणि नवरीकडच्यांशी बोलणीही मीच करणार. बतूलच्या मनात क्षणभर आलं, की पोरीने हे आधीच योजलं होतं की काय. तो विचार तिने चहाबरोबर गिळला आणि हो म्हणाली.