ताईचं तेलुगू मी बोलले

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय — का, ते माझं मलाच नीट कळत नाही.

मी आदिलाबादला तेलुगू शाळेत शिकवते. माहेर सीमेवरच्या वांकिडीकडचं, घरात मराठी. ताई चौथीपर्यंत शिकली आणि कापूस वेचायला लागली. मला मात्र वसतिगृहात ठेवलं, तेलुगू आलं. तेव्हापासून दवाखाना असो की तहसिलीचं मंडल ऑफिस, घरच्यांचं म्हणणं मीच पुढे मांडायची. त्याचा तोरा होता मला — खोटं कशाला बोलू?

ताईला मुलगी झाली आणि तिसऱ्या महिन्यात ताई गप्प झाली. पोर रडून लाल व्हायची, ही भिंतीकडे बघत बसायची. पोरीला लस द्यायला गेलो, तर डॉक्टरांनी पोरीपेक्षा ताईलाच जास्त निरखलं आणि शेजारच्या खोलीत समुपदेशन करणाऱ्या बाईंकडे पाठवलं. बाई तेलुगू बोलणाऱ्या, ताईला मराठीच येतं — मध्ये मी.

आता खरं ते सांगते. तेव्हा माझं लग्न जुळत होतं. आणि माझी समजूत — बी.एड. झालेल्या माझी! — अशी, की अशा खोलीत जायचं ते वेड्यांनी. तिथे बोललेलं कागदावर चढतं आणि गावभर होतं. सोयऱ्यांच्या कानावर गेलं तर? आणि नुसतं बोलून कुणी बरं होतं का? तसं असेल तर मी काय मुकी होते?

ताई मान खाली घालून म्हणाली, "मले या पोरीची माया येत नाई वं, मंगे. कदी कदी वाटते, आपन नसलो तं बरं."

मी बाईंना सांगितलं — हिला झोप लागत नाही, दूध कमी येतं.

बाईंना तेवढ्यानं पटलं नसावं. त्या पुढे सरकून ताईशीच बोलू लागल्या, अगदी सावकाश. बाळंतपणानंतर पुष्कळ बायांना असं होतं, लेकराबद्दल काही वाटेनासं होतं, त्यात तुमची काही चूक नाही, दर आठवड्याला येत जा. ताई माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणाले, "बाई म्हणतात, कामात मन गुंतव, होईल बरं."

ताईनं मान हलवली. आम्ही पुन्हा गेलो नाही. महिन्याभरात माझी सुपारी फुटली.

ताई नंतर सावरली की नुसती उठून कामाला लागली? मी विचारलंच नाही. विचारायची लाज वाटत होती — आणि भीतीही.

पोरगी आता सातवीत आहे. गेल्या उन्हाळ्यात ताईकडे गेले, तर शेजारची बाळंतीण सून तशीच गप्प झालेली. तिची सासू विचारायला आली, कुठं दाखवावं का? मी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाली, "त्यानं काई होत नाई, काकू. मी सांगतलं होतं ना सारं त्या बाईले, हिच्यासमोर. तिनं तरी कुठं म्हटलं, का तुही चूक नाई म्हून?"

आणि तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी "हो ना" म्हणाले. काकू उठून गेल्या. त्यांची सून अजून घरीच आहे.