नरसूची नीलू

आता हसायचं तर खुशाल हसा, पण माझं सगळं सांगून होईपर्यंत उठू नका. एका अडीच वर्षांच्या पोराचं दुःख मी इतकं खोल ओळखलं, इतकं खोल, की त्या बिचाऱ्याच्या घशाला कोरड पडली!

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी मूळची बार्शीची. पुण्याला जाऊन लहान मुलांच्या मनाचा अभ्यास केला होता. "एवढ्याशा पोरांना मन असतं व्हय गं?" असं माझ्या सख्ख्या मावशीनंच विचारलं होतं. तर हे मन जाणणारी मी सोलापुरात एका विडी कारखान्याच्या पाळणाघरात नोकरीला लागले. बायका पलीकडं विड्या वळायच्या, पोरं आमच्याकडं. मदतीला गंगूबाई.

नरसू नवीन होता. त्याची आई लक्ष्मी मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "बाई, पोरगा राहिला नाही तर मला काम सोडायला लागतंय. घरी बघायला कोण पण नाही."

"तू निर्धास्त जा," मी म्हटलं. "मी शिकून आलेय ना!"

तिसऱ्या दिवशी गंगूबाई दूध आणायला गेल्या आणि नरसूनं भोकाड पसरलं. "नीळ्ळू! नीळ्ळू!"

माझे कान टवकारले. नीळ्ळू? म्हणजे नीलू! लहान पोरांची जीभ जड, नीलूचं नीळ्ळू होणारच की. म्हणजे पोराला आई नकोच होती! जीव जडला होता तो कुठल्यातरी नीलूवर. आणि ती याला सोडून गेली होती!

मी त्याला मांडीवर घेतलं. "कुठं गेली रे नीलू?"

पोरानं कोपऱ्यातल्या खिडकीकडं बोट दाखवलं. "नीळ्ळू!"

खिडकीतून बघत असेल हो वाट! माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. हा असा विरह मी फक्त पुस्तकात वाचला होता. मी एका हातानं त्याला थोपटत दुसऱ्या हातानं वहीत लिहायला घेतलं. दोन पानं भरली. पोर हंबरडा फोडतंय आणि मी लिहितेय, "दुःख मोकळं होत आहे."

मग दारावरच्या रखवालदाराला हाक मारली. "मामा, इथं आसपास नीलू कोण आहे? ताबडतोब हवी! पोराच्या मनाचा प्रश्न आहे."

मामा वेळापूरचे, सोलापुरात नवखे, पण उत्साह दांडगा. "आत्ता हुडकून आणतो की!"

दहा मिनिटांत ते एका धिप्पाड बाईला घेऊन आले. हात पिठानं माखलेले. "ह्या नीलाबाई. भाकऱ्या थापत हुत्या."

"काय झालं हो?" नीलाबाई धापा टाकत म्हणाल्या. "कुणाला काय झालं?"

नरसूनं त्यांच्याकडं पाहिलं आणि दुप्पट जोरानं किंचाळला.

"ही नव्हे, मामा! दुसरी!"

मामा पुन्हा पळाले. या खेपेला आठ-नऊ वर्षांची मुलगी आणली. एक वेणी घातलेली, दुसरी अर्धवट. माझी खात्रीच पटली. हीच ती!

मी गहिवरून म्हटलं, "नीलू, बाळ, याला जवळ घे. तुझ्यासाठी रडतोय गं तो."

ती माझ्याकडं बघते, नरसूकडं बघते. "मी तर ह्याला ओळखत पण नाही."

"नीळ्ळू..." नरसूचा आवाज आता पार बसला होता.

"ओ बाई!" ती मुलगी कपाळाला हात लावून म्हणाली, "पाणी मागतंय की ते! आमच्या तेलुगूत नीळ्ळू म्हणजे पाणी!"

कोपऱ्यात, खिडकीच्या बरोब्बर खाली, पाण्याचा माठ होता.

नरसू दोन पेले पाणी घटाघटा प्यायला, ढेकर दिला आणि ठोकळे खेळायला लागला. नीलाबाई पदरात तोंड घालून हसत होत्या. वहीतली ती दोन पानं मी गपचूप फाडली.

संध्याकाळी लक्ष्मीला सगळं खरंखरं सांगितलं. वाटलं, आता ही पोर घेऊन जाते. पण ती पोट धरून हसली आणि म्हणाली, "उद्या पण आणते बाई. तुमी एवढं शोधलं की त्याच्यासाठी!"

दुसऱ्या दिवसापासून नीलू माझी मास्तरीण झाली. शाळा सुटली की यायची, मला रोज चार तेलुगू शब्द द्यायची आणि दुसऱ्या दिवशी पाठ म्हणून घ्यायची. रा म्हणजे ये, पो म्हणजे जा. आता आमच्या बार्शीकडं 'रा' म्हणजे थांब, त्यामुळं डोक्यात जरा गोंधळ व्हायचा.

आठवड्यानं नरसू सकाळी दारात आला. पहिल्यांदाच न रडता, आईचा हात सोडून! मी खाली बसले, दोन्ही हात पसरले आणि उरात होती नव्हती तेवढी माया एकवटून त्याला म्हटलं,

"पो, बाळा, पो!"

पोरगं भलतंच आज्ञाधारक. गर्रकन वळलं आणि चालू पडलं घरी!