पदराच्या पाच गाठी

मार्चमधला शनिवार, सकाळची घाटंजी-यवतमाळ एसटी. मागच्या बाकावर हजर: मी, एक भाजीवाली म्हातारी आणि खिडकीशी चाळिशीची एक बाई, जिचं नाव विचारायचं राहिलं.

बाईच्या पदराला पाच गाठी होत्या. त्या दिवशी यवतमाळला तिचा बारावीचा इंग्रजीचा पेपर होता; त्यातलं जे पाठ होत नव्हतं, त्याची एकेक गाठ. स्वतःचं उदाहरण सुचलं की ती गाठ सोडायची. ॲडव्हर्ब, सिमिली, मेटाफर अशा तीन सुटल्या.

"आता कायले वं इंग्रजी?" म्हातारीने टोमणा मारला. "जावयासंग बोलतं का?"

"अंगणवाडीत मदतनीस आहो, मावशी. बारावी झाली तं सेविका होईन. दोन डाव इंग्रजीनंच पाडलं."

मग पर्सनिफिकेशन, म्हणजे निर्जीव वस्तू माणसासारखी वागवणं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "खिचडीचा कुकर शिटी मारून पोराइले बोलावते." गाठ सुटली. म्हातारीही हसली.

मी पर्समधून वही काढली. "सगळ्याची यादी करून देऊ का?"

"नको ताई. कागदावर उतरलं का डोकं निर्धास्त होऊन जाते. मंग पेपरात कागद तं बाहीरच ठिवा लागते."

मी रोज सकाळी याद्या करते. मी वही मिटली.

यवतमाळ जवळ आलं तेव्हा एकच गाठ उरली होती, आयरनीची, म्हणजे अपेक्षेच्या नेमकं उलट घडण्याची. "तुमीच सांगा एखादं," ती म्हणाली. मी बीएला इंग्रजी घेतलं होतं. व्याख्या चटकन आठवली, उदाहरण मात्र सुचेना. पेपर अकराला होता. स्टँड आला आणि ती पदर खोचून गाठीसकट उतरली.

ते उदाहरण मला अजून शोधायचं आहे.