शुबामामांची आंधळी गाडी

‘‘काय मामा, कसं काय?’’ असं कुणी वाटेत विचारलं तर साधा माणूस ‘बरं आहे’ म्हणून पुढं जातो. आमचे शुबामामा थांबायचे, डोळे बारीक करायचे आणि विचारायचे, ‘‘का? कोण काय बोललं?’’ चाकूरच्या भर बाजारात विचारणाऱ्याला घाम फुटायचा. आपण खरंच काही ऐकलंय की काय, असं त्यालाच वाटायला लागायचं. एका नव्या तलाठ्यानं तर मामांना नुसता नमस्कार केला आणि नंतर महिनाभर तो आपण का केला याचा खुलासा देत हिंडत होता.

शुबा म्हणजे संशय. पुण्याकडच्या लोकांना संशय येतो, आम्हा मराठवाड्यातल्यांना शुबा येतो. मामांना तो श्वासासारखा यायचा. एक बाहेर पडेपर्यंत दुसरा आत. शिवलिंगप्पा हे त्यांचं बारशाचं नाव फक्त आधार कार्डावर उरलं होतं, आणि कार्डावरचा फोटो आपलाच आहे का याबद्दलही त्यांना शुबा होता. त्यांच्या किराणा दुकानात गिऱ्हाइकानं भाव केला तर शुबा, न करता माल घेतला तर दुप्पट शुबा. कलिंगड घेताना विकणाऱ्यालाच आधी फोड खायला लावत, आणि त्यानं हसत खाल्ली तर कलिंगड परत ठेवून देत. ‘‘एवढं हसून राहिलाय, म्हंजे त्याला काहीतरी म्हाईत हाय.’’ सावली मागून यायला लागली की मामा वाट बदलत. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

जगात त्यांचा भरवसा एकाच माणसावर होता, मामींवर. आणि मामींचा भरवसा होता कडक भाकरीवर. ज्वारीची पापडासारखी पातळ, धगीवर वाळवलेली ती भाकरी मोडली की आवाज दोन गल्ल्या पलीकडं जायचा आणि तिथली म्हातारी माणसं दात शोधायला लागायची. लातूर-नांदेडच्या दुकानांतून मागणी यायला लागली. मामींनी गल्लीतल्या बायका हाताशी धरल्या. अडचण एकच, रस्ता. यष्टीच्या टपावर चाकुराहून भाकरी निघायची आणि नांदेडला चुरा उतरायचा. दुकानदार म्हणायचे, ‘‘मावशी, पीठच पाठवलं असतं तरी चाललं असतं.’’

आता दारात एक मोटार होती. मामांनी नांदेडच्या एका डॉक्टरकडून घेतलेली, लांब नाकाची, बसकी, शिळ्या वांग्याच्या रंगाची. कंपनीनं ती काढली, लोकांनी तिच्याकडं पाहिलं आणि कंपनीनं ती बंद केली. घरातलं कुणी तिच्यात बसायला तयार नसे. आमच्या एका जावयानं ‘मी वरातीला चालत जातो’ असं सांगितलं होतं. कुत्रीसुद्धा तिच्या चाकावर पाय वर करत नसत, म्हणजे विचार करा. मामांना तर पहिल्या दिवसापासून शुबा होता, ‘‘डॉक्टर माणूस, जिवंत गाडी इकंलच कशाला?’’

तर त्यांनी ठरवलं की मागची सीट काढायची, मागचा टप कापायचा, उंच पत्र्याची पेटी बसवायची आणि तिच्यातून भाकरी न्यायची. नांदेडला चाँदभाईच्या गॅरेजात गाडी नेली. काम चालू असेपर्यंत मामा रोज तिथं हजर. लोखंडी खुर्ची गाडीच्या नाकाला चिकटवून बसायचे, इंजिन बदलू नये म्हणून.

‘‘मामू,’’ चाँदभाई कटर बंद करून म्हणाला, ‘‘ये इंजन कोई फुकट में भी नै लेता.’’

‘‘तू आधी कुणाला इचारलास?’’ मामा म्हणाले.

खरा वाद झाला खिडक्यांवरून. चाँदभाई म्हणत होता, बाजूला एकेक काच ठेवू, आत उजेड येईल. मामींनीही फोनवरून तेच सांगितलं. मामा हटले नाहीत. ‘‘काच ठेवली की लोकं बघतेत. बघितलं की इचारतेत. इचारलं की करायला लागतेत. उद्या गल्लीगल्लीत कडक भाकरी!’’ शेवटी चारही बाजूंनी पत्रा मारला, वेल्डिंग झालं, सांध्यांत पुट्टी भरून घासून गुळगुळीत केलं. मागं दोन पाखांचं दार, आत बांबूच्या चाळण्यांची मांडणी, प्रत्येक चाळणीखाली जुन्या वाकळेचा तुकडा, म्हणजे धक्का बसला तरी भाकरीला वाटावं आपण आजीच्या मांडीवर आहोत. पुढच्या सीटमागं तेवढी वाऱ्यापुरती जाळी. काढलेल्या काचा मामांनी चादरीत गुंडाळून घरी नेल्या आणि पलंगाखाली ठेवल्या. चाँदभाईनं त्या विकल्या असत्या, असा शुबा.

राहिला रंग. पेंटर देगलूरकडचा, घरात तेलुगू बोलणारा. मामांनी सांगितलं, मागच्या एका पाखावर ‘शुभ’ लिव, एका पाखावर ‘लाभ’. पण त्या बिचाऱ्यानं सकाळपासून ‘मला शुबा हाय, मला शुबा हाय’ एवढंच ऐकलं होतं. त्याला वाटलं, दुकानाचं नाव असावं. त्यानं डाव्या पाखावर, हाताएवढ्या अक्षरांत, भगव्या रंगात, खाली वेलबुट्टी काढून लिहिलं, ‘शुबा’. उजवीकडं ‘लाभ’. मामांचा चेहरा गाडीच्या रंगाचा झाला. पण खोडायला गाडी आणखी एक दिवस गॅरेजात ठेवावी लागली असती, आणि तेवढा भरवसा त्यांचा नव्हता. निघाले तसेच.

गावानं गाडीला नाव ठेवलं, आंधळी गाडी. भाकरी मात्र शाबूत पोचायला लागली. फक्त मांडणीच्या कड्यांवर मामांचा विश्वास बसेना. ‘‘मागं कोणतरी आपलं माणूस पाहिजे,’’ म्हणाले. आता त्यांचं आपलं माणूस जगात एकच. त्यामुळं मामी मागं अंधारात, पाटावर बसून, हातांनी चाळण्या धरायच्या. जाळीतून विचारायच्या, ‘‘कुठं आलं हो?’’ मामा पुढून दबक्या आवाजात म्हणायचे, ‘‘बोलू नको, लोकं ऐकतेत.’’ मामी म्हणायच्या, ‘‘एक काच बसवा की. जीव गुदमरतो.’’ मामा हॉर्न वाजवायचे.

व्हायचं तेच झालं. खिडकी नसलेली गाडी, उदगीर-देगलूरकडं फेऱ्या, दार कुणासमोर उघडत नाही, चालकाला विचारलं की तोच उलट विचारतो. आणि आमच्याकडं सरहद्दीपलीकडून बंदीचा गुटखा कसा येतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आयुष्यभर जगावर शुबा घेणाऱ्या माणसावर आता सगळं जग शुबा घ्यायला लागलं. लातूरच्या दुकानदारानं माल परत पाठवला. ‘‘मावशी, भाकरी चांगली हाय, पण लोकं गाडीबद्दल बोलून राहिलेत.’’ उदगीरचा दुकानदार फोन उचलेना. गल्लीतल्या दोन बायकांच्या नवऱ्यांनी त्यांना घरी बसवलं. मामींच्या हाती उरली एकच मोठी ऑर्डर, बिलोलीच्या लग्नाची. ती नीट पोचली तर भाकरीचं नाव वाचणार होतं. नाही तर चूल थंड.

त्या दिवशी मी मामांशेजारी बसलो होतो. सुट्टी होती आणि लग्नाचं जेवण होतं, दोन्ही सोडणं मला जमत नाही. देगलूर ओलांडलं आणि नाक्यावर हवालदारानं हात केला.

‘‘काका, मागं काय हाय?’’

‘‘तुम्हाला कोण सांगितलं मागं काय हाय म्हणून?’’

संपलं. हवालदार सावकाश मागं गेला. दारावरची अक्षरं त्यानं मोठ्यानं वाचली, ‘‘शुबा... लाभ. वा काका! लिवूनच ठिवलंय की!’’ काठीनं पत्रा ठोकला. आतून आवाज आला, ‘‘आलं का बिलोली?’’

हवालदार दचकून मागं सरला. दुसरा धावत आला. दार उघडलं. आत अंधारात पिठानं पांढऱ्या झालेल्या मामी, दोन्ही हात पसरून चाळण्या धरलेल्या, उजेडानं डोळे मिचमिचवत.

‘‘बाई,’’ हवालदारानं खालच्या आवाजात विचारलं, ‘‘तुम्हाला पळवून नेऊन राहिलेत का?’’

‘‘हाव,’’ मामी म्हणाल्या, ‘‘लग्न झाल्यापासून नेऊनच राहिलेत. अजून कुठं पोचलो न्हाई.’’

नाक्यावरचा चहावाला हसून कपातच पडला. पण हवालदार हसला नाही. ‘‘सगळं खाली काढा. चाळण्यांच्या मागं काय हाय ते बघायचंय.’’ त्यावर मामा दाराला पाठ लावून उभे राहिले. ‘‘एका बी भाकरीला हात लावू देणार न्हाई! तुम्हाला कोण पाठवलं ते आधी सांगा!’’ हवालदारानं खिशातून फोन काढला. गाडी ठाण्यात जाणार, लग्न जेवून उठणार, हे मला तर स्पष्ट दिसायला लागलं.

तेव्हा मामी खाली उतरल्या. मामांसमोर आवाज चढवताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं.

‘‘सरका. लातूरचा माल परत आला तो काय भाकरी वाईट व्हती म्हणून? गाडी आंधळी हाय म्हणून! तुम्ही झाकलं, लोकांनी वळखलं चोरीचं हाय. सरका म्हणते ना!’’

मामा सरकले. चंद्रावर माणूस गेल्याचं त्यांनी कधी मानलं नव्हतं, पण मामी ओरडल्या हे मानावं लागलं.

मामींनी चहावाल्याच्या बाजेवर वाकळ अंथरली आणि एकेक चाळण स्वतःच्या हातानं बाहेर काढून मांडली. ऊन पडलं. भाकऱ्यांचे पांढरे ढीग चमकायला लागले. थांबलेल्या टेम्पोतली, जीपमधली माणसं भोवती जमली. मामांनी डोळे गच्च मिटून घेतले, जणू त्यांचेच कपडे उतरवले जात होते. हवालदारानं रिकामी पेटी आत शिरून तपासली, पत्रा वाजवून पाहिला आणि हिरमुसून बाहेर आला. मामींनी त्याच्या हातावर शेंगाची चटणी आणि एक भाकरी ठेवली. कट्! तो आवाज ऐकून माझ्या समजुतीप्रमाणं तेलंगणातल्या दोन बैलांनी कान टवकारले.

‘‘मावशी,’’ एक ड्रायव्हर म्हणाला, ‘‘ही कुठं मिळती?’’

मामांनी एक डोळा उघडला. ‘‘का? कशाला पाहिजे?’’

‘‘खायला, काका!’’

खायला पाहिजे असेल, ही शक्यता मामांनी धरलीच नव्हती.

बिलोलीला ऑर्डर पोचली. मोडली ती हवालदारानं मोडली तेवढीच. परतीच्या वाटेवर मामांनी नांदेड गाठलं. गाडी चाँदभाईच्या दारात उभी केली आणि बाजूच्या पत्र्यावर खडूनं चौकोन काढला. ‘‘इथं खिडकी.’’

‘‘मामू, पैले बंद कराए, अब खोलने कू बोल रै. आपकू हुआ क्या?’’

‘‘तुला कोण सांगितलं मला काय झालंय म्हणून?’’

पुढच्या खेपेला पलंगाखालची काच आली आणि बसली. मामींच्या पाटाशेजारी, त्यांच्या डोळ्यांच्या बरोबर उंचीवर. ते माप मामांनी कधी घेतलं, कुणी पाहिलं नाही. लातूरचा दुकानदार परत आला. गिऱ्हाइकं ‘शुबा भाकरी द्या’ म्हणायला लागली, तेव्हा दारावरचं अक्षर खोडायचा विषय आपोआप संपला.

मागच्या हिवाळ्यात मामा आजारी पडले. लातूरच्या दवाखान्यात सलाइनकडं बघून म्हणाले, ‘‘हे नुसतं पाणी हाय. मला शुबा हाय.’’ डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. मामा ॲम्ब्युलन्समध्ये बसायला तयार होईनात. ती कुठं नेईल याचा नेम नाही, असं त्यांचं म्हणणं. मग मी आंधळी गाडी आणली. चाळण्या काढल्या, वाकळा अंथरल्या आणि त्यांना आडवं केलं. मामी पाटावर, त्यांचा हात धरून. मी गाडी हळू चालवत होतो. आयुष्यात प्रथमच मामा मागं होते आणि रस्ता दुसऱ्याच्या हातात होता, तरी त्यांनी एकदाही विचारलं नाही की मी कुठं नेतोय.

चाकूरच्या बाजारात गाडी शिरली तेव्हा माणसं दुकानांतून उठून बाहेर आली. जाळीतून मला मामांचा आवाज ऐकू आला, अगदी बारीक.

‘‘कोण बघून राहिलंय का गं?’’

मामींनी काचेवरची धूळ पदरानं पुसली.

‘‘समदे बघून राहिलेत.’’

मला वाटलं, आता विचारतील, का म्हणून.

‘‘बघू दे,’’ मामा म्हणाले.