गंगाक्काची कडी

घराला कुलूप लावताना तुम्ही कोणाचा चेहरा डोळ्यांसमोर आणता? खरं सांगा.

आमच्या गल्लीसमोर राहणाऱ्या गंगाक्काच्या दाराला कुलूप नव्हतंच. नुसती कडी, तीही ढिली. बेळगावजवळ, काकतीच्या पलीकडच्या आमच्या गावात जत्रेआधी एक दिवस सगळे वेशीबाहेर जातात, मळ्यात चुली मांडतात आणि दिवेलागणीला परततात. तोवर गाव देवीच्या राखणीत, अशी श्रद्धा. श्रद्धा अजून आहे, फक्त अलीकडे दारोदार कुलपं लागतात. गंगाक्का तेवढी कडी सरकवून, पदर खोचून चालू लागायची.

मला तिचा संताप यायचा. आमची बौद्धांची वस्ती हा दिवस पाळत नाही. म्हणजे रिकाम्या गावात त्या दिवशी आम्हीच. वडिलांनी देवभोळेपणाविरुद्ध छापलेली पत्रकं वाचत मी वाढले. देवीच्या राखणीवर मी कशी विसंबणार? एका वर्षी आदल्या दिवशी बेळगावातून मीच कुलूप आणलं आणि तिच्यापुढे ठेवलं.

"आक्का, हे लावा. काय गेलं तर नाव आमचं येतंय."

"अगं, घर एकदा तिच्या पदरात टाकलंय. वर आनि कुलूप लावू? रागावंल की ती."

"तुमची देवी तुम्हाला राखंल. आम्हाला कोण राखणार?"

"तीच की! तुझ्यासाठनं येगळी आणायची व्हय?" म्हणाली, आणि त्याच कुलपानं गुळाचा खडा फोडून माझ्या हातावर ठेवला.

अशा बाईशी वाद घालायचा तरी कसा?

दुसऱ्या दिवशी गाव परतलं, तेव्हा तिची तांब्याची घागर जागेवर नव्हती. लगेच तिचा पुतण्या चार पोरं घेऊन आमच्या गल्लीच्या तोंडाशी आला. "घरं बघायची हाईत," म्हणाला. माझे वडील दारात उभे राहिले. तेवढ्यात गंगाक्का मागून आली आणि वाटेत आडवी बसली.

"कुठं निघालास रं?"

"घागर हुडकायला."

"आज राखण कुणाची हुती?"

"देवीची."

"मग देवळात जा. आधी तिची झडती घे, मग ह्यांची."

"आक्का, लोक हसत्यात."

"हसू देत. घागर माझी गेलीया, तुझी न्हवं."

देवीची झडती कोण घेणार? पोरं पाय ओढत परतली.

आणि तरीही मी धुमसत होते. ‘ह्यांनी घेतली नाही’ एवढंच तिनं म्हणायला हवं होतं! तसं तोंडावर विचारलं, तर म्हणाली, "मी बघितलंय व्हय? घेतली म्हणून बघितलं न्हाय, न्हाय घेतली म्हणूनबी बघितलं न्हाय. बघणारी ती."

घागर सापडली नाही. पुढच्या वर्षीही तिनं कडीच सरकवली. मी पुन्हा भांडले.

गेल्या वर्षी ती वारली. पुतण्याने दाराला कुलूप घातलं, वर कॅमेरा बसवला. तो कॅमेरा देवळाकडे बघत नाही, मोठ्या रस्त्याकडेही नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाकडे बघतो. देव मला आजही मान्य नाही. पण तिच्या देवीनं आमच्याकडे असं कधी रोखून बघितलं नव्हतं.

कुलपं काढा, असं मी म्हणत नाही. ते मलाही जमलेलं नाही. पण तुमच्या दारावर कॅमेरा असेल, तर आजच स्टुलावर चढा. तो कोणाच्या उंबऱ्यावर रोखलाय ते बघा. आणि तो तुमच्या स्वतःच्या दाराकडे वळवा.