भिंतीवरचा खंडोबा

वाकडेवाडी मागे पडली तरी इंदुबाईंचा राग उतरेना. भाची नम्रता खडकीपासून त्यांच्यामागे जवळजवळ पळतच होती. इंदुबाईंनी खंडोबाचा पितळी टाक पदरात घट्ट धरला होता. त्यांच्या मुलाने, दिग्विजयने, तो देवघरातून काढून टीव्हीशेजारी फ्रेममध्ये लावला होता.

“म्हणे अँटिक! अगं, चार पिढ्यांनी रोज आंघोळ घातली, म्हणून घोडा गुळगुळीत झालाय. देवाच्या हातातली तलवार घर राखायला असते, पाहुण्यांना दाखवायला नाही. महिनाभर देव पारोसा टांगलाय मेल्याने!”

“मावशी, हळू चाला.”

“देव पारोसा असताना?”

नव्या पुलावर त्या थांबल्या. टाक त्यांनी नम्रताच्या ओंजळीत ठेवला.

“तुझ्या देवघरात बसव. उरलासुरला चेहरा झिजला तरी चालेल, पण रोज आंघोळ घाल.”